सहा गिगाहर्ट्झचा राउटर ‘घरातला’ कसा ठरला

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ हा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वायफायला खुला केला. पट्टा रिकामा नव्हता. वीजकंपन्या, रेल्वे आणि मोबाइल टॉवर यांच्या मायक्रोवेव्ह लिंक (टॉवर ते टॉवर रेडिओ दुवे) तिथे आधीपासून चालू होत्या आणि त्या हलणार नव्हत्या. म्हणून कमी शक्तीच्या राउटरपुरतं इमारतीच्या भिंतींनाच मुख्य संरक्षण मानलं गेलं. पंचाईत अशी की भिंतीला प्रमाणपत्र देता येत नाही. प्रयोगशाळेच्या टेबलावर येतो फक्त राउटर. तो पुढे दिवाणखान्यात राहणार की गच्चीवर टांगला जाणार, हे तिथे कसं कळायचं?

पेच जुनाच होता. १९९७ मध्ये ५.१५ ते ५.२५ गिगाहर्ट्झ खुला झाला तेव्हाही ‘फक्त इमारतीच्या आत’ ही अट होती. २०१४ मध्ये ती काढली गेली. मात्र त्याच वर्षी फर्मवेअरला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरला, कुलूप घालणं सक्तीचं झालं, कारण दरम्यान ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या, विमानतळांजवळच्या हवामान रडारना बाहेर बसवलेल्या रेडिओंनी सतावलं होतं. रडार ओळखून चॅनेल सोडण्याची सोय काही ठिकाणी चक्क बंद करून ठेवलेली सापडली. वापरणाऱ्याच्या भरवशावर सोडलेली अट टिकत नाही, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

मग २०२० मध्ये ‘इनडोअर’ हा शब्द जागेवरून उचलून यंत्राच्या अंगावर चढवला गेला. वीज वायरनेच घ्यायची, बॅटरीवर चालायचं नाही. अँटेना आतच, कायमचा जोडलेला. बाहेरचा अँटेना लावायला कनेक्टर नाही. पेटी ऊन-पाऊस झेलणारी नको. आणि ‘फक्त घरातल्या वापरासाठी’ ही सूचना यंत्रावर ठळक दिसेल अशी आणि माहितीपुस्तिकेतही.

यातली पेटीची अट सगळ्यात वादाची, आणि माझ्या मते सगळ्यात लंगडी. धूळ उडणाऱ्या कारखान्यात किंवा शीतगृहात चारी बाजूंनी भिंती असतात, तरी तिथे लागणारी सीलबंद पेटी ‘हवामानरोधक’ ठरते आणि अर्ज अडतो. उलट साधा प्लास्टिकचा राउटर कुणी बाल्कनीत डब्याखाली ठेवला तर त्याचं प्रमाणपत्र शाबूत. व्याख्येने नेमकी नको ती बाजू पकडली. पण विक्रीनंतर घरोघर तपासणी शक्य नसताना दुसरा उपाय कोणता, याचं पटणारं उत्तर टीकाकारांकडेही नव्हतं.

शक्तीची मर्यादा एकूण आकड्यापेक्षा दर मेगाहर्ट्झला बांधलेली आहे: ५ डीबीएम, आणि एकूण कमाल ३० डीबीएम. (डीबीएम हे प्रक्षेपणशक्तीचं माप; ३ डीबी वाढले की शक्ती साधारण दुप्पट.) त्यामुळे २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर १८ डीबीएम मिळतात, ८० वर २४, १६० वर २७. पूर्ण ३० डीबीएमसाठी ३२० चा चॅनेल लागतो. या राउटरला जोडलेल्या फोन-लॅपटॉपला ६ डीबी कमी. हे गणित न कळल्याने ‘अरुंद चॅनेल म्हणजे लांब पल्ला’ हा जुना आडाखा इथे फसतो.

चाचणीत अडखळण्याची हमखास जागा म्हणजे ‘ऐकून मग बोलण्याची’ परीक्षा: चॅनेल मोकळा आहे का हे आधी ऐकायचं, मगच प्रक्षेपण करायचं. चॅनेलमध्ये १० मेगाहर्ट्झ रुंदीचा नुसता गोंगाट सोडतात. तो उणे ६२ डीबीएमइतका क्षीण असला तरी राउटरने गप्प बसावं लागतं, दहापैकी किमान नऊ वेळा. रुंद चॅनेलमध्ये गोंगाट खालच्या कडेला, मध्ये आणि वरच्या कडेला असा तीन जागी तपासतात. फक्त दुसऱ्या वायफायची चाहूल घेणारं फर्मवेअर इथे नापास होतं, कारण या गोंगाटाला वायफायची ओळखखूण नसते. अँटेनाचा गेन (एका दिशेला सिग्नल एकवटल्याने मिळणारी वाढ) हिशेबात धरायला विसरणं ही दुसरी चूक. कडेची गळती वेगळीच: पट्ट्याबाहेर दर मेगाहर्ट्झला उणे २७ डीबीएमच्या वर जायचं नाही.

बाहेरच्या वापराचा रस्ता लांबला. ३६ डीबीएमच्या यंत्रांना ८५० मेगाहर्ट्झमध्येच मुभा, तीही स्वतःचं ठिकाण आणि उंची एका केंद्रीय प्रणालीला कळवून, रोज नव्याने परवानगी घेऊन. या प्रणालींना व्यावसायिक वापराची मान्यता मिळेपर्यंत फेब्रुवारी २०२४ उजाडला. हीच यंत्रं आत बसवली तर जाड छताखाली ठिकाण सांगणारा उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, ठिकाणाची अनिश्चितता वाढते आणि हाती येणारी चॅनेलची यादी आक्रसते. १४ डीबीएमच्या अगदी क्षीण यंत्रांना २०२३ मध्ये काही भागात आणि २०२४ च्या अखेरीस सगळ्या पट्ट्यात या प्रणालीला विचारण्यातून मोकळीक मिळाली.

भारताच्या मे २०२५ च्या मसुद्यात फक्त खालचे ५०० मेगाहर्ट्झ होते. घरात कमाल तीच ३० डीबीएम, पण दर मेगाहर्ट्झला ११; म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर अमेरिकेच्या चौपट शक्ती. युरोपात हाच आकडा १० आणि एकूण २३. म्हणून एकाच हार्डवेअरला देशागणिक वेगळा शक्तितक्ता फर्मवेअरमध्ये ठेवावा लागतो, आणि तोही वापरणाऱ्याच्या हाती लागणार नाही असा.