५३ सेकंदांचे विमान: अर्धे खरे

व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरणारा एक मजकूर सांगतो, ‘जगातले सर्वांत छोटे विमानउड्डाण ५३ सेकंदांचे असते.’ आकडा खोटा नाही, पण तो रोजचा नाही. ५३ सेकंद हा विक्रम आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही बेटे आहेत. त्यांच्या धावपट्ट्यांमध्ये हवाई अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. एडिनबर्ग विमानतळाची मुख्य धावपट्टी याहून थोडीशीच आखूड आहे! लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून या दोन बेटांदरम्यान हे उड्डाण चालवते आणि वेळापत्रकात दोन मिनिटे धरलेली असतात.

प्रत्यक्षात किती लागतात, ते बहुतांशी वारा ठरवतो. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उड्डाण घेते आणि उतरते. वारा सोयीचा असेल तर सरळ जायचे, नसेल तर वळसा घ्यायचा. एवढ्याशा प्रवासात एक वळसाही वेळ दुप्पट करू शकतो. वारा आणि दिशा दोन्ही जुळून आली, तेव्हा कुठे ५३ सेकंदांचा विक्रम झाला.

इथे उडणारे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन पंख्यांचे चिमुकले विमान आहे. वैमानिकाच्या शेजारच्या खुर्चीवरही प्रवासी बसतो. पर्यटक हौसेने येतात, पण शिक्षक, डॉक्टर आणि बेटावरच्या माणसांसाठी ही आपली नेहमीची एसटीच. शिवाय अनेकजण ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल इथून निघतात, म्हणजे त्यांचा पूर्ण प्रवास दोन मिनिटांत आटपत नाही.