बेळगावच्या गच्चीवरून क्वेसारचा फोटो

सहा इंची दुर्बीण आणि तिला जोडलेला कॅमेरा एवढ्या सामानावर टिळकवाडीतल्या किंवा शहापुरातल्या गच्चीवरून किती लांबचं टिपता येईल? अँड्रोमेडा दीर्घिका, म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षं, हे उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच गच्चीवरून, त्याच दुर्बिणीने असा एक ठिपका मिळतो, ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २४० कोटी वर्षं लागली. तो एक क्वेसार आहे, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या मध्यावरचं, ताऱ्यासारखं दिसणारं प्रखर तेज. तो कन्या राशीत आहे आणि त्याचं नाव ३सी २७३. केंब्रिजच्या रेडिओस्रोतांच्या तिसऱ्या यादीतला तो २७३ वा.

लांबचं म्हणजे अवघड, हा समज आधी सोडायला हवा. वृषभ आणि सारथी यांच्या सीमेवर सिमाइस १४७ नावाचा एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. तो आपल्याच आकाशगंगेतला, काही हजार प्रकाशवर्षांवरचा, आणि आकाराने तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने मांडले तर होतील एवढा. तरीही शहरातून, खास फिल्टर नसेल तर, त्याचा मागमूस लागत नाही. वाटीभर तूप एका भाकरीवर घातलं तर लगेच दिसतं, सगळ्या पंगतीला वाढलं तर कुणाच्या ताटात दिसत नाही. सिमाइसचा प्रकाश असा पसरलेला आहे, क्वेसारचा मात्र एका बिंदूत एकवटलेला. फोटोत येणं न येणं ठरतं ते यावरून: एका पिक्सेलवर वस्तूचा प्रकाश किती पडतो आणि त्याच पिक्सेलवर आकाशाचा उजेड किती.

३सी २७३ ची प्रत, म्हणजे तेजाचं माप, १२.९ च्या आसपास असते; हा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधुक. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपलीकडचं दिसत नाही. पण सहा इंची आरशावर या क्वेसारचे दर सेकंदाला अंदाजे हजारभर फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पडतात आणि कॅमेऱ्याला तेवढे पुष्कळ झाले. तीस सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये तो दिसतो. पुढचं काम फ्रेमा साठवण्याचं. शंभर फ्रेमा एकमेकींवर रचल्या की वस्तूचा प्रकाश शंभरपट होतो, पण गोंगाट, म्हणजे चित्रातला नको असलेला दाणेदारपणा, दहापटच वाढतो, कारण तो वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे चित्र दहापट स्वच्छ. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर हे रचण्याचं काम करतात.

आपल्याकडे खरी पंचाईत होते ती माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा आधार, लावताना. बेळगाव जवळजवळ सोळा अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर. शेजारच्याने एक मजला चढवला की तो गेला. शिवाय ध्रुवाकडे रोखलेला अक्ष इतका आडवा होतो, की काही माउंटचा वजनाचा दांडा तिवईच्या पायाला आपटतो, कारण ही यंत्रं बहुधा चाळीस-पन्नास अंशांवरच्या देशांचा विचार करून केलेली असतात. उपाय सोपा आहे: माउंट आणि तिवई यांच्यामध्ये वीतभर उंचीचा लोखंडी खांब. उद्यमबागेत लेथवर असं काम करून देणारे कारागीर आहेत. फक्त माप नीट कागदावर काढून न्यावं. ध्रुवतारा दिसतच नसेल, तर दक्षिणेकडचा आणि पूर्वेकडचा तारा कुठे सरकतो ते पाहून अक्ष दुरुस्त करायची जुनी पद्धत आहे. तिला अर्धा-पाऊण तास लागतो, पण ती दगा देत नाही.

रात्र कुठली निवडावी, हे पंचांग सांगतं. जून ते ऑक्टोबर आपल्या भागात आकाशाचा विचारच करू नये. दिवाळीनंतर आकाश धुतल्यासारखं असतं, पण तेव्हा कन्या रास पहाटे उगवते. फाल्गुनी पौर्णिमेला, म्हणजे होळीला, पूर्ण चंद्र सिंह-कन्येच्याच परिसरात असतो, त्यामुळे ती रात्र या कामाला सर्वांत वाईट. पंधरा दिवसांनी पाडवा येतो. पाडवा अमावास्येला लागूनच असल्याने चंद्राची अडचण नाही, आणि कन्या मध्यरात्रीच्या सुमारास जवळपास डोक्यावर. त्या दिवसांत उसाचं पाचट पेटवल्याचा धूर सायंकाळी खाली रेंगाळतो, म्हणून मी रात्री अकरापूर्वी शटर उघडत नाही. जांबोटीकडे जाता आलं तर फारच उत्तम: दक्षिणेला भीमगडचं जंगल, बेळगावचा उजेड पाठीमागे उत्तरेला.

शोधायचं कसं? कन्येतला ईटा तारा धरायचा आणि तिथून ईशान्येला साडेतीन अंश सरकायचं. फोटोत मात्र क्वेसार हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. रंग नाही, आकार नाही, शेजारचे तारे आणि तो यांत काही फरक नाही. म्हणून फोटो नकाशाशी ताडून पाहणं हाच या छंदाचा गाभा आहे, असं मला वाटतं. अ‍ॅस्टॅपसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचे आकाशातले अंश-कला काढून देतं, आणि मग त्या शेकडो ठिपक्यांतला एकच वेगळा ठरतो.

व्यावसायिक शास्त्रज्ञांचीही नेमकी हीच अडचण होती. रेडिओस्रोत सापडला होता, पण तो कुठल्या ठिपक्यातून येतो ते कळत नव्हतं. १९६२ साली चंद्र त्या स्रोताच्या समोरून गेला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने सिरिल हॅझार्ड आणि सहकाऱ्यांनी रेडिओलहरी कुठल्या क्षणी बंद झाल्या आणि कधी परत आल्या ते मोजलं आणि त्यावरून जागा पक्की केली. मग मार्टिन श्मिट यांनी अमेरिकेतल्या पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीने वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा कशाशीच जुळेनात. त्या साध्या हायड्रोजनच्याच होत्या, फक्त तांबड्याकडे सुमारे १६ टक्क्यांनी सरकलेल्या. १९६३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि इतक्या लांबून इतका तेजस्वी दिसणारा हा ‘तारा’ म्हणजे एका दीर्घिकेच्या मध्यावरचं प्रचंड कृष्णविवर, त्याभोवती तापून फिरणाऱ्या वायूचं तेज, हे पुढे स्पष्ट होत गेलं. तो ३३ प्रकाशवर्षांवर आणून ठेवला, तर साधारण सूर्याइतका झळकेल.

ही सरक आता घरच्या दुर्बिणीनेही दिसते. कॅमेऱ्यापुढे फिल्टरसारखी बसणारी छोटी विवर्तन जाळी लावली की ठिपक्याशेजारी त्याचा वर्णपट पट्टीसारखा उमटतो. हायड्रोजनची जी रेषा प्रयोगशाळेत ४८६ नॅनोमीटरला असते, ती इथे ५६३ च्या आसपास फुगवट्यासारखी दिसते. दुसरी, ६५६ ची तांबडी रेषा, सरकून ७६० वर येते. नेमक्या तिथेच पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन प्रकाश शोषतो, म्हणून त्या फुगवट्याला खाच पडते. हा प्रकाश निघाला त्या काळात आपल्या हवेत ऑक्सिजन नुकताच साठायला लागला होता. सूक्ष्म जिवाणू तो तयार करत होते. आपल्याकडचे धारवाडी खडक मात्र तेव्हाच जुने झालेले होते, २५० कोटी वर्षांहून जुने आहेत ते. बेळगावच्या परिसरातला काळा पाषाण यापुढे अगदी अलीकडचा, ६.६ कोटी वर्षांचा.

एकदा हे जमलं की सप्तर्षीतला जुळा क्वेसार घ्यावा. १९७९ मध्ये सापडलेली ही गुरुत्वीय भिंगाची पहिली ज्ञात जोडी. क्वेसार एकच, पण मधल्या दीर्घिकेने त्याचा प्रकाश वाकवल्यामुळे सहा विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर दोन ठिपके दिसतात. ७५० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीवर आणि आजच्या नेहमीच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण एक विकला भरतो, म्हणजे ठिपके एकमेकांपासून सहा पिक्सेल अंतरावर. वेगळे नक्की दिसतात. त्यांचा प्रकाश निघून सुमारे ९०० कोटी वर्षं झाली. दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या नाहीत: एका ठिपक्यात झालेला बदल दुसऱ्यात ४१७ दिवसांनी दिसतो. प्रत मात्र सतरावी जवळ आलेली, त्यामुळे तासभर तरी फ्रेमा हव्यात. जांबोटीहून नेमका हाच भाग बेळगावच्या उजेडात सापडतो. सप्तर्षी पुरते वर चढल्यावर सुरुवात करावी, इथून हा क्वेसार पन्नास अंशांपर्यंत वर येतो.

३सी २७३ ला पुन्हापुन्हा टिपण्यात आणखी एक अर्थ आहे. त्याचं तेज कमीजास्त होतं. हार्वर्डच्या जुन्या काचपट्ट्यांवर १८८० च्या दशकापासून त्याच्या नोंदी सापडतात, म्हणजे तो काय आहे हे कळण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. फेब्रुवारीपासून वळीव सुरू होईपर्यंत दर अमावास्येला एक फोटो घ्यावा. तुलनेचे तारे दर वेळी तेच, फिल्टर हिरवा, आणि दर वेळी फ्रेमांचा अवधीही तोच ठेवावा. मिळालेली प्रत, तारीख आणि वेळ वहीत लिहावी. असे आकडे बदलत्या ताऱ्यांचं निरीक्षण करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, एएव्हीएसओ, हौशी निरीक्षकांकडूनही घेते.