क्रायटेरियम शर्यतीची परवानगी: पात्रता, कागदपत्रं आणि सगळ्यांत आधी मार्गाचा नकाशा

वाहतुकीला बंद केलेल्या छोट्या सर्किटवर ठरावीक फेऱ्या मारत होणाऱ्या सायकल शर्यतीला क्रायटेरियम म्हणतात. सायकलवाल्यांच्या बोलण्यात ती नुसती ‘क्रिट’ असते. ही शर्यत भरवायची तर देशाच्या सायकलिंग महासंघाची मंजुरी लागते, आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची व पोलिसांची परवानगीही लागते.

बहुतेक क्लब सुरुवात फॉर्म मिळवण्यापासून करतात आणि नकाशा शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं काढतात. इथेच प्रकरण अडतं. मार्शल (मार्गावर उभे राहून लक्ष ठेवणारी माणसं) किती लागतील, बॅरिकेड किती मीटर, रुग्णवाहिका कुठे उभी राहील, एका गटात किती सायकलपटू सोडता येतील, कोणाची वाहतूक कुठून वळवायची, हे सगळं मार्गावरून ठरतं. मार्ग नंतर बदलला की प्रत्येक कागद पुन्हा करावा लागतो. म्हणून आधी मार्ग पक्का करा, मग फॉर्म भरा.

अर्ज कोण करू शकतं

साधारणपणे राष्ट्रीय महासंघाशी संलग्न क्लब, प्रादेशिक संघटना किंवा महासंघाकडे आयोजक म्हणून नोंदलेली संस्था अर्ज करते. एकट्या व्यक्तीला शर्यत भरवायची असेल तर संलग्न क्लबच्या नावानं जाणं सोयीचं. अर्जात एक जबाबदार व्यक्ती नमूद करावी लागते. पोलिसांचा, पंचांचा आणि विमा कंपनीचा फोन तिलाच येणार, तेव्हा शर्यतीच्या दिवशी जिच्याकडे दुसरं कुठलंही काम नसेल अशीच व्यक्ती निवडा.

महासंघाला वगळून शर्यत घेण्याचा मोह होतो, कारण कागद कमी होतात. पण सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, नियमांनुसार परवानाधारक सायकलपटूला महासंघाची मान्यता नसलेल्या शर्यतीत उतरता येत नाही. आयोजकाच्या सोयीपायी सायकलपटूवर कारवाई होऊ शकते. निमंत्रण पाठवण्याआधी याचा विचार व्हायलाच हवा.

मार्ग: इथे वेळ द्या

लांबीपासून सुरुवात करू. यूसीआय क्रायटेरियमचं सर्किट 800 मीटर ते 10 किलोमीटर धरतं. अमेरिकेच्या महासंघानं वरची मर्यादा 5 किलोमीटरवर ठेवली आहे. तुमच्या महासंघाचा आकडा वेगळा असू शकतो, तो आधी पाहून घ्या. माझं मत विचाराल तर 1 ते 2 किलोमीटरच्या दरम्यान राहा. ताशी 40 किलोमीटर वेगानं 1 किलोमीटरची फेरी 90 सेकंदांत संपते. 80 सायकलपटू एका रांगेत ताणले गेले की ती रांग 200 मीटरच्या आसपास जाते. 800 मीटरच्या सर्किटवर याचा अर्थ पाव मार्ग व्यापला गेला. पुढे निसटलेले दोघे-तिघे लवकरच मागच्यांच्या शेपटाला येऊन भिडतात आणि कोण कोणत्या फेरीत आहे हे पंचांना कळेनासं होतं. सर्किट छोटंच मिळत असेल तर गटातली संख्या कमी ठेवा आणि ती अर्जातच लिहा.

रुंदीच्या बाबतीत अमेरिकी नियम किमान 7 मीटर मागतो आणि तोही संपूर्ण मार्गावर. याचा अर्थ सगळ्यांत अरुंद जागाच मोजली जाते, सरासरी नाही. टेप लावताना उभ्या गाड्यांची जागा, गटाराची कड आणि बॅरिकेडचे पाय वजा करा. कागदावरचा 8 मीटरचा रस्ता अशा मोजणीत 6 मीटरवर येतो.

आता वळणं. काटकोनात वळणाऱ्या रस्त्यावर एकटा सायकलपटू बाहेरच्या कडेनं येतो, आतल्या कोपऱ्याला चाटून पुन्हा बाहेर जातो. रस्ता 7 मीटर रुंद असेल तर या ओळीची त्रिज्या साधारण 24 मीटर येते. 35 अंश झुकून तो ताशी 46 किलोमीटरच्या वेगानं निघून जाऊ शकतो. रस्ता 5 मीटरचा असेल तर त्रिज्या 17 मीटरवर येते आणि वेग ताशी 39 वर. हा हिशेब एकट्याचा झाला. घोळक्यात तिघं शेजारी शेजारी असतात. आतल्याला अख्खा रस्ता मिळत नाही, त्याची त्रिज्या फार कमी होते, म्हणून तो ब्रेक दाबतो. झुकलेलं असताना त्यानं पायडल मारलं तर आतल्या बाजूचं पायडल डांबराला घासतं आणि मागचं चाक क्षणभर हवेत उचललं जातं. मागच्याला सावरायला जागाच नसते.

पुढचे ब्रेक दाबतात तेव्हा मागचे त्याहून जास्त दाबतात. पुढचे वेग घेतात तेव्हा मागचे अजून वळणातच असतात, मग दरी भरून काढायला जीव तोडून पायडल मारतात. दीड किलोमीटरच्या सर्किटवर 40 फेऱ्या म्हणजे 60 किलोमीटर. वळणं चार असतील तर अशा 160 उसळ्या. एखादं वळण उगाच अवघड ठेवलं तर त्याची किंमत 40 वेळा मोजावी लागते आणि ती शेपटाला असलेले, म्हणजे बहुधा नवखे, मोजतात. कमजोर सायकलपटू लवकर मागे गळावेत म्हणून वळणं बिकट करणारे आयोजक आहेत. मला ते मान्य नाही. ताकद दाखवायला चढ आणि वारा पुरतो.

यू-टर्न टाळता आला तर टाळा. घ्यावाच लागला तर एकच घ्या, रस्त्याच्या सगळ्यांत रुंद भागात आणि फिनिशपासून दूर. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जागा रिकामी हवी. समोरची गल्ली सरळ पुढे जात असेल तर ती मोकळी राहू द्या, तिथे प्रेक्षक उभे करू नका. ब्रेक उशिरा लागलेला सायकलपटू त्या गल्लीत शिरतो आणि थांबतो, कोणालाही इजा होत नाही.

शेवटच्या वळणापासून फिनिशपर्यंत किमान 200 मीटर सरळ रस्ता ठेवा, 300 मिळाला तर उत्तम. हे अंतर 80-100 मीटरवर आलं की वळणात पहिला शिरणारा जिंकतो. मग सगळी धक्काबुक्की वळणाच्या आधी, जिथे जागा सगळ्यांत कमी असते तिथेच होते. फिनिशच्या पलीकडचा रस्ताही तितकाच महत्त्वाचा. ताशी 60 च्या वेगानं रेषा ओलांडलेल्या घोळक्याला थांबायला शंभरेक मीटर हवेत आणि त्या पट्ट्यात छायाचित्रकार नकोत. यूसीआयच्या नियमांत फिनिशआधी 300 मीटर आणि नंतर 100 मीटर बॅरिकेड सांगितलेले आहेत. स्थानिक शर्यतीलाही हेच माप धरावं. फिनिशची पट्टी 72 सेंटिमीटर रुंद पांढरी आणि तिच्या मधोमध 4 सेंटिमीटरची काळी रेघ असते. रंग न घसरणारा निवडा.

दिशा ठरवताना मार्ग दोन्ही बाजूंनी सायकलवर फिरून पाहा. एका दिशेनं उतार थेट वळणात संपत असेल तर दुसऱ्या दिशेनं तोच चढ होतो आणि वळण आपोआप सुरक्षित होतं. शर्यतीच्याच वेळेला फिरा म्हणजे संध्याकाळचं ऊन फिनिशच्या सरळ पट्ट्यात डोळ्यांवर येतं का तेही कळेल.

रस्त्याचा पृष्ठभाग वाकून पाहावा लागतो, गाडीतून तो दिसत नाही. गटाराच्या जाळीच्या फटी धावण्याच्या दिशेला समांतर असतील तर 25-28 मिलिमीटरचा टायर त्यात सहज अडकतो. अशी जाळी वळवून बसवा किंवा तिच्यावर न सरकणारी पट्टी पक्की बांधा. मॅनहोलचं झाकण, झेब्रा क्रॉसिंगचा रंग, ट्रामचे रूळ कोरड्यात चालून जातात, ओल्यात वळणावर घात करतात. गतिरोधक काढता येत नसेल तर तो तुकडाच सर्किटमधून वगळण्याचा विचार करा. वाळू आणि खडी शर्यतीच्या सकाळी झाडायची, आदल्या संध्याकाळी नाही.

बॅरिकेड लावण्यातही बारकावा आहे. त्यांचे पाय रस्त्यात पुढे आलेले असतात आणि कडेनं जाणाऱ्याचं पायडल त्यात अडकतं. फिनिशच्या पट्ट्यात तरी सपाट पायांचे मागवा. लावताना कौलांसारखं एकाचं टोक दुसऱ्याच्या मागे दडवा म्हणजे येणाऱ्या सायकलपटूच्या समोर उघडं टोक राहत नाही. खांब आणि दुभाजकाचं टोक फोमनं गुंडाळा. पेंढ्याचे गठ्ठे वळणाच्या बाहेरच्या बाजूला, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. भिजलेला गठ्ठा भिंतीइतकाच कठीण लागतो.

नकाशावर काय हवं

प्रमाणबद्ध नकाशा, मोजचाकानं मोजलेली फेरीची लांबी, दर 50 मीटरला वापरता येणारी रुंदी आणि धावण्याची दिशा. प्रत्येक मार्शलच्या जागेला क्रमांक द्या. रेडिओवर ‘तिसऱ्या नंबरला पडले’ एवढं सांगितलं की रुग्णवाहिका निघायला हवी. बॅरिकेडची रेघ, गठ्ठ्यांच्या जागा, प्रेक्षकांनी रस्ता ओलांडायची ठिकाणं, पिट (सायकल दुरुस्त करायची जागा) आणि रुग्णवाहिकेचं दार दाखवा. रुग्णवाहिका अशा बाजूला उभी करा की रुग्णालयाकडे जाताना सर्किट ओलांडावं लागू नये. धोक्याच्या प्रत्येक जागेचा फोटो जोडा आणि त्याखाली उपाय एका ओळीत लिहा. तपासणीला येणारे पंच हीच पानं आधी उघडतात.

कागदपत्रं

महासंघाकडे अर्ज, क्लबच्या संलग्नतेचा दाखला, नकाशा आणि तांत्रिक माहितीपुस्तिका जाते. पुस्तिकेत गट, अंतर, वेळा, बक्षिसं, मधल्या स्प्रिंटच्या फेऱ्या आणि वाया गेलेल्या फेरीचा (पंक्चर झाल्यामुळे किंवा पडल्यामुळे हुकलेली फेरी माफ करण्याचा) नियम असतो. सोबत धोक्यांचं मूल्यमापन, वैद्यकीय व्यवस्थेचा आराखडा आणि विम्याचं प्रमाणपत्र लागतं. विमा सायकलपटूंच्या अपघाताचा वेगळा आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा वेगळा असतो. पॉलिसीवर शर्यतीची तारीख आणि मार्गाचं नाव नीट उतरलं आहे का पाहा.

रस्त्याच्या मालकाकडून लेखी ना-हरकत घ्या. एकाच सर्किटमधला एक रस्ता पालिकेचा, दुसरा महामार्ग खात्याचा आणि एखादा खासगी संस्थेचा असू शकतो. तिघांची वेगवेगळी पत्रं लागतात. पोलिसांना वाहतूक वळवण्याचा आराखडा, रस्ता बंद आणि सुरू होण्याच्या वेळा आणि मार्शलची यादी द्यावी लागते. बससेवा, अग्निशमन दल आणि जवळचं रुग्णालय यांना कळवल्याची पोच फाइलला लावा. सर्किटच्या आत राहणाऱ्यांना घरोघरी पत्रक द्या. त्यात गाडी किती वाजेपर्यंत बाहेर काढायची आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा हे दोन मुद्दे ठळक हवेत. आजारी माणसाला बाहेर न्यायचं असेल तर शर्यत थांबवली जाईल, हेही त्यात लिहा आणि मार्शलांना तशी सूचना द्या.

क्रम

पहिली भेट रस्त्याच्या मालकाची, फॉर्मशिवाय, नुसत्या नकाशासह. त्या काळात खोदकाम किंवा डांबरीकरण निघणार आहे का ते इथेच कळतं. मग महासंघाकडे तारीख मागा. राष्ट्रीय कॅलेंडर बहुधा आदल्या वर्षीच ठरतं, त्यामुळे ही पायरी लवकर यावी. तारीख मिळाली की पूर्ण अर्ज, नंतर पंचांची जागेवर पाहणी, त्यांच्या अटी, सुधारित नकाशा आणि मग मंजुरी. अटी आल्या म्हणजे अर्ज फेटाळला असं नाही. बहुतेक मार्गांना अटी लागतातच. सुधारित नकाशाची प्रत पोलिसांकडेही पोहोचली पाहिजे. एकाकडे जुना आणि दुसऱ्याकडे नवा नकाशा असला की शर्यतीच्या सकाळी बॅरिकेड चुकीच्या चौकात उतरतात.

मंजुरी हातात असली तरी शेवटचा शब्द त्या सकाळी मार्ग पाहणाऱ्या मुख्य पंचांचा. तेल सांडलेलं दिसलं किंवा पाऊस आला तर ते फेऱ्या कमी करू शकतात किंवा गट लहान करायला लावतात. त्यांच्या पाहणीसाठी वेळापत्रकात मोकळी जागा ठेवा.

स्पर्धकांसाठी

चालू परवाना, किंवा महासंघ देत असेल तर एका दिवसाचा परवाना. वयाचा पुरावा, जबाबदारीचं हमीपत्र आणि अल्पवयीनांसाठी पालकांचं संमतीपत्र. यूसीआयच्या वर्गवारीत ज्युनियर म्हणजे 17 आणि 18 वर्षांचे. वय त्या कॅलेंडर वर्षात किती पूर्ण होतं यावर धरतात. हेल्मेट सक्तीचं आहे, सरावाच्या फेरीतही. सायकलला दोन्ही ब्रेक हवेत, हँडलबारची टोकं बंद हवीत आणि टाइम ट्रायलचे, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीतले, हँडलला पुढे आलेले दांडे चालत नाहीत.

वाया गेलेल्या फेरीचा नियम माहितीपत्रकात स्पष्ट लिहा, कारण फिनिशपाशी सर्वाधिक वाद याच्यावरून होतात. पंक्चर झालेला किंवा पडलेला सायकलपटू पिटमध्ये येतो, पंच कारण तपासतात आणि त्याला पुढच्या फेरीत त्याच्याच घोळक्याच्या मागे सोडतात. साखळी निसटली किंवा दम लागला तर ही सवलत मिळत नाही. शेवटच्या काही फेऱ्यांत ती बंद होते. कितव्या फेरीपासून, हे आकड्यात छापा आणि शर्यत सुटण्याआधी भोंग्यावरून पुन्हा सांगा.

शर्यत झाल्यावर महासंघाला निकालासोबत अहवाल द्यायचा असतो. कोण कितव्या फेरीत पडलं, कोणत्या मार्शलच्या क्रमांकापाशी आणि रस्ता ओला होता की कोरडा, हे त्याच दिवशी मार्शलांकडून लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्याच मार्गासाठी अर्ज करताना हा अहवाल आणि त्यानुसार बदललेला नकाशा एकत्र जोडा.