घाम येतो तो माणूस: परग्रहवासीयांतल्या माणसाच्या कथेची पार्श्वभूमी

परक्या ग्रहावर अडकलेला एकटा माणूस आणि भोवती सगळे भलतेच जीव, ही साहसकथा आपल्याकडे विलायतेतून आली, असं आपण म्हणून जातो. छापील रूपात ती आली तिकडूनच. तिच्यातला पेच मात्र विदर्भाला फार जुना आहे.

महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान घ्या. विदर्भाच्या भीमराजाच्या लेकीचं स्वयंवर, आणि मंडपात हुबेहूब नळासारखे पाच जण ओळीने बसलेले. त्यांतले चौघे देव: इंद्र, अग्नी, वरुण, यम. दमयंतीने हात जोडून विनवलं तेव्हा देवांनी आपल्या खुणा उघड केल्या. त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं टवटवीत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय भुईला टेकलेले नाहीत. पाचव्याची सावली पडलेली, माळ सुकलेली, अंग धुळीने-घामाने माखलेलं. तिने त्यालाच वरलं. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेलं कौंडिण्यपूर हीच विदर्भाची जुनी राजधानी, असं परंपरा मानते. तिथल्या मे महिन्यात माणूस कोण हे ओळखायला देवांची विनवणी करायची गरज पडली नसती.

माणूस ओळखू येतो तो त्याच्या देहावरून, आणि या कथाप्रकाराची सगळी गंमत त्यातच आहे. युद्धं, राजकन्या, पळापळ हा नंतरचा मसाला.

पाश्चात्त्य लेखकांना देवलोक नको होता, दुर्बिणीतून दिसणारा ग्रह हवा होता. तो पुरवला पर्सिव्हल लोवेल यांनी. १८९४ पासून ॲरिझोनातल्या आपल्या वेधशाळेतून ते मंगळ न्याहाळत होते. ग्रह वाळत चाललाय आणि तिथले लोक ध्रुवांवरच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी आणून कसंबसं जगताहेत, असं त्यांचं म्हणणं. सिंचनाच्या अनुशेषाची भाषणं ऐकत वाढलेल्या आपल्या भागाला ही कल्पना चटकन पटावी! कालवे नव्हतेच, पण कथेला मुक्काम मिळाला. १९१२ मध्ये एडगर राइस बरोज यांनी अमेरिकी मासिकातून एका माजी सैनिकाला मंगळावर धाडलं. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के, त्यामुळे हा गडी चालायला जातो आणि उडतोच. त्याचा दरारा तलवारीआधी या उड्यांवर उभा राहतो. त्याआधीच, १९०१ मध्ये, एच. जी. वेल्स यांनी दोन माणसांना चंद्रावर नेलं होतं. तिथल्या किड्यासारख्या रहिवाशाला ठोसा मारला, तर हात आरपार जातो. मला वेल्स उजवे वाटतात. त्यांचा माणूस तिथे बलवान ठरतो, पण शहाणा ठरत नाही.

मग जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाजवळून गेलं. त्याने पाठवलेल्या वीस-बावीस छायाचित्रांत कालवे नव्हते, खड्डे होते. शेजारचा ग्रह कथेच्या हातून गेला आणि लेखकांना परकी माणसं शोधायला दूरच्या ताऱ्यांकडे वळावं लागलं.

मराठीत या सुमारास वेगळीच घडामोड चालू होती. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या कथेला बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. पुढे मराठी विज्ञानकथा बहरली, पण ती वैज्ञानिक कल्पनेवर चालणारी, साहसावर नव्हे. अंगावर धूळ घेऊन परक्या मुलखात फिरणारा नायक तिच्यात कमीच, आणि तो वाशीम-यवतमाळकडचा तर जवळपास नाहीच. प्रयोगशाळा मुंबई-पुण्याची, आडनावंही तिकडचीच.

वास्तविक अशा कथेला लागणारी जमीन आपल्याकडे आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं त्याला ज्वालामुखीचं काम समजलं गेलं. ते उल्का आदळून झाल्याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये आला. बेसॉल्ट खडकात पडलेली अशी विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी, म्हणून चंद्रावरच्या विवरांशी ताडून पाहायला चंद्राचे अभ्यासक इथे येतात. गावाने त्याआधीच आपला उलगडा केला होता: लोणासुर जमिनीखाली दडला, विष्णूने त्याला मारलं. दैत्यसूदनाचं मंदिर त्याचीच आठवण सांगतं.

अलीकडचा प्रसंग २ एप्रिल २०२२ चा, गुढीपाडव्याच्या संध्याकाळचा. विदर्भाच्या आभाळातून जळते पट्टे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचा अवशेष असावं, असं जाणकारांनी सांगितलं.

परग्रहावर अडकलेल्या माणसाची कथा वऱ्हाडात कुणाला सांगायला बसा, पहिला प्रश्न ठरलेला: "थो तठी खाते काय?" प्रश्न रास्त आहे. बहुतेक साहसकथा तो टाळतात. वेल्स टाळत नाहीत. त्यांची दोन माणसं चंद्रावर भुकेने व्याकूळ होऊन दिसेल ती अळंबी तोंडात घालतात. पावसाळ्यात रानातून सात्या, म्हणजे खायची अळंबी, वेचून आणणाऱ्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरानेही हे केलं नसतं. ते दोघे तर्र होतात, बडबडत सुटतात आणि त्याच अवस्थेत चंद्रवासीयांच्या हाती लागतात.