सड्यावरचा टॉवर आणि माजघरातला फोन

चतुर्थीला चाकरमानी गावी आले, की कोकणातल्या सड्यावर उभ्या असलेल्या एकाच मोबाइल टॉवरवर एरवीपेक्षा कितीतरी अधिक फोनांचा भार पडतो. टॉवरच्या वाट्याला आलेल्या रेडिओलहरी मोजक्याच असल्याने त्या कोणत्या फोनला द्यायच्या, हे फोर-जीच्या जाळ्यात दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात १००० वेळा, ठरवले जाते. हे ठरवणाऱ्या यंत्रणेला शेड्युलर म्हणतात.

समजा, सड्यावर एसटीच्या थांब्यापाशी असलेल्या फोनला सेकंदाला २० मेगाबिट वेग मिळू शकतो आणि खाली आगरातल्या चिरेबंदी घराच्या माजघरात ठेवलेल्या फोनला जेमतेम २. केवळ एकूण वेग वाढवायचा, तर सगळा वेळ सड्यावरच्या फोनला द्यावा आणि माजघर कोरडे ठेवावे. दोघांचा वेग समान करायचा, तर वेळेच्या ११ भागांपैकी १० माजघरासाठी खर्ची पडतात आणि प्रत्येकाच्या पदरात सुमारे १.८ मेगाबिट येतात. ही समता ऐकायला बरी, पण हिशेबाला फार महाग आहे. केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९७च्या सुमारास मांडलेला प्रमाणबद्ध न्याय सांगतो, की दोघांच्या वेगांची बेरीज नव्हे, तर गुणाकार जास्तीत जास्त व्हावा. त्यानुसार वेळ निम्मानिम्मा वाटला जातो आणि १० व १ मेगाबिट मिळतात.

एवढेच असते, तर साधी आळीपाळी पुरली असती. पण सिग्नल स्थिर नसतो. थेट आलेल्या लहरी आणि भिंतींवरून, डोंगरावरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे बळ देतात, तर कुठे मारतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असल्याने खिडकीतला फोन चार बोटे सरकवला तरी फरक पडू शकतो. फोन आपली स्थिती ० ते १५ अशा आकड्याने टॉवरला वरचेवर कळवत राहतो. संशोधक डेव्हिड त्से यांनी क्वालकॉम या मोबाइल तंत्रज्ञान कंपनीच्या जाळ्यासाठी सुचवलेली युक्ती अशी, की या क्षणी शक्य असलेल्या वेगाला त्या फोनला अलीकडे प्रत्यक्ष मिळालेल्या सरासरी वेगाने भागावे आणि ज्याचा भागाकार मोठा, त्याला पाळी द्यावी. म्हणजे प्रत्येकाची तुलना शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःच्याच भरती-ओहोटीशी होते.

आता सड्यावरचा वेग निम्मा वेळ १० आणि निम्मा वेळ ३०, तर माजघरातला तसाच १ आणि ३ असा, परस्परांशी संबंध न ठेवता, हेलकावतो असे धरू. आंधळ्या आळीपाळीत पूर्वीचेच १० आणि १ मिळतील. ज्याची भरती त्याची पाळी, आणि दोघांची स्थिती सारखी असेल तर आलटून-पालटून, असे केले तर १२.५ आणि १.२५ मिळतात. वेळ अजूनही निम्मानिम्माच आहे आणि कोणाचेही काही न काढून घेता दोघांचाही वेग २५ टक्क्यांनी वाढला आहे. मला या विषयातला सर्वांत देखणा हिशेब हाच वाटतो, कारण एरवी आपण ज्याला सिग्नलचा दोष म्हणून नावे ठेवतो, तोच इथे कामाला येतो.

सरासरी किती काळाची धरायची, हा मात्र नाजूक भाग आहे. काळ फार लहान धरला तर आळीपाळीच उरते. फार मोठा धरला तर एखादा फोन चांगल्या क्षणाची वाट पाहत ताटकळतो. व्हिडिओ आधीच थोडा साठवून ठेवता येत असल्याने त्याला ही दिरंगाई चालते, पण बोलण्याची पाकिटे, म्हणजे आवाजाचे छोटे डिजिटल तुकडे, दर २० मिलिसेकंदांना निघतात आणि त्यांना भरतीची वाट पाहणे परवडत नाही. म्हणून फोर-जीवरून जाणाऱ्या कॉलला या हिशेबाबाहेर वेगळे प्राधान्य दिले जाते, आणि आरतीच्या वेळी माजघरात रील अडकून बसली असतानाही त्याच फोनवरून मुंबईशी बोलणे नीट होऊ शकते.