गाडीच्या टपावरचं पॅनल आणि कडक ऊन

‘ऊन जितकं तापेल, तितकी सोलर पॅनलची वीज जास्त’ असा समज फिरत असतो. तो पटतोही, कारण प्रखर उजेड आणि उष्णता बहुतेक वेळा सोबतच येतात. पण वीज बनते उजेडापासून. उष्णतेने ती घटते. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. त्यापुढे सिलिकॉन पॅनल दर अंशाला साधारण ०.३ ते ०.५ टक्के गमावतं. टपावर पॅनल ६५ अंशांवर गेलं, तर १०० वॅटचे ८४च्या आसपास उरतात.

तपासायचंय? सावलीत गार झालेलं, कशालाही न जोडलेलं पॅनल उन्हात ठेवून लगेच मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. वीस मिनिटांनी पुन्हा मोजा, आकडा उतरलेला दिसेल. म्हणूनच पॅनल टपाला चिकटवण्यापेक्षा खालून वारा खेळेल एवढी फट ठेवून बसवलेलं बरं.