विंडोजची डिस्क आणि लायसन्स की कशी जपायची?

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मशीन फॉरमॅटला आणताना बहुतेक ग्राहक फोटोंची आणि टॅलीच्या डेटाची काळजी करतात. ती करायलाच हवी. पण विंडोज परत टाकायची वेळ आली की आम्हाला आणखी दोन गोष्टी लागतात. एक, इन्स्टॉलेशनची डिस्क आणि दुसरी, २५ अक्षरांची प्रॉडक्ट की, म्हणजेच लायसन्स की. होलोग्रामची चकचकीत डिस्क कपाटात कुलूपबंद असते आणि की छापलेलं खोकं कधीच रद्दीत गेलेलं असतं, असं फार वेळा दिसतं. नांगर कोणाचाही चालतो, सातबारा मात्र स्वतःच्याच नावाचा लागतो. इथला सातबारा म्हणजे की.

आधी तुमचं विंडोज कोणतं ते पाहा

विंडोज १० किंवा ११ असेल तर डिस्कची फिकीर करू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट उतरवता येतं आणि ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह दिला की इन्स्टॉलेशनची पेन तयार होते. डीव्हीडीचा आग्रह धरू नका. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर जाते, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावतात.

विंडोज ७ आणि एक्सपीची गोष्ट वेगळी. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यांच्या डिस्क आता मायक्रोसॉफ्टकडून डाउनलोड करता येत नाहीत. तरीही आमच्याकडे अशी मशीनं येतात आणि त्यांना कारण असतं. छापखान्यात पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी फॉन्ट-टायपिंगचं पॅकेज) वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं पडून आहेत. कुठे एखादं जुनं यंत्र त्याच विंडोजशी बोलतं. ही मशीनं इंटरनेटला जोडू नका, एवढीच विनंती. पण तुमच्याकडे त्यांची मूळ डिस्क असेल तर तिची प्रत या आठवड्यातच करून घ्या.

एक्सपीत आणखी एक गोम आहे. खोक्यातून विकत घेतलेली, मशीनबरोबर आलेली आणि कंपन्यांना एकगठ्ठा दिलेली अशा तीन तऱ्हेच्या डिस्क निघाल्या आणि एकीची की दुसरीला चालत नाही. की अस्सल असूनही ‘चुकीची’ ठरते ती बहुधा याच कारणाने. म्हणून प्रतीवर नुसतं ‘एक्सपी’ लिहून भागत नाही. होम की प्रोफेशनल, कितवा सर्व्हिस पॅक (सुधारणांचा संच), मशीनबरोबर आलेली की सुटी घेतलेली, हे सगळं लिहा.

प्रत कशी करायची?

डिस्कमधल्या फाइली ओढून दुसऱ्या डिस्कवर टाकल्या तर प्रत झालीशी वाटते, पण त्या डिस्कवरून मशीन बूट, म्हणजे सुरू, होत नाही. बूटसाठी लागणारा भाग फाइलींच्या यादीत दिसतच नाही, त्यामुळे तो मागे राहतो. आधी संपूर्ण डिस्कची आयएसओ इमेज, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी सामावलेली एक फाइल, काढावी लागते. त्यासाठी इमेजबर्नसारखी (ImgBurn) फुकट साधनं आहेत, लिनक्सवर के३बी किंवा ब्राझेरो. मग ती फाइल कोऱ्या डिस्कवर उतरवताना ‘बर्न इमेज’ हाच पर्याय निवडा. नाहीतर डिस्कवर एकच मोठी फाइल जाऊन बसते आणि ती डिस्क काही कामाची नसते.

बर्न झाल्यावर व्हेरिफाय (प्रत बरोबर उतरली का याची तपासणी) चालवा आणि त्याच डिस्कवरून मशीन खरंच सुरू करून पाहा. सेटअपची पहिली स्क्रीन आली की तिथूनच बाहेर पडा, पुढे काही दाबू नका. आयएसओ फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवरही ठेवा. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह येतच नाही, त्यामुळे पुढे उपयोगी पडेल ती ही फाइलच.

सीडी खालच्या चकचकीत बाजूने जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहितात. सीडीचा डेटा खरं तर वरच्या छापील बाजूलाच, लाखेच्या पातळ थराखाली असतो. खालचा बारीक ओरखडा बरेचदा निभावतो, वरचा निभावत नाही. म्हणून सीडी मार्करनेच लिहा आणि स्टिकर चिकटवू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात दमट हवा कोंडून डाग पडतात. कडक डबीत, उभी, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. टीव्हीच्या वरची जागा मुळीच नको.

अशी प्रत कायद्याला चालते का, असं काही जण दबक्या आवाजात विचारतात. चालते. प्रत्यधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार, प्रोग्रॅम कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यांपासून बचावासाठी बॅकअप प्रत करता येते. ती स्वतःच्या वापरासाठी. शेजारच्या दुकानाला दिली की ती बॅकअप राहत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल कलम ६३बी मध्ये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे.

आता की

विंडोज ७ पर्यंत की स्टिकरवर असायची. डेस्कटॉपच्या कॅबिनेटवर, लॅपटॉपच्या पोटाखाली किंवा बॅटरीच्या खोबणीत. लॅपटॉपखालचं स्टिकर घासून पुसट होतं. आजच मोबाइलवर फोटो काढा आणि वहीतही उतरवा. उतरवताना हे लक्षात असू द्या : विंडोजच्या कीमध्ये शून्य, एक आणि पाच हे आकडे नसतात, तसंच ओ, आय, एस ही अक्षरंही नसतात. गोल दिसलं तर ते क्यू, डी किंवा जी आहे का पाहा. खरा घोळ बी आणि ८, जी आणि ६ यांत होतो.

विंडोज ८ पासून नामांकित कंपन्यांच्या मशीनमध्ये की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. स्टिकरवर ती सापडत नाही, सेटअप ती स्वतःच वाचतो. सोय चांगली, पण मदरबोर्ड गेला की की पण गेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला तर नव्या बोर्डात की भरली का, हे मशीन ताब्यात घेण्याआधी विचारा.

फुकटात वरच्या विंडोजवर गेलेल्या अनेक मशीनांना स्वतंत्र कीच नाही, डिजिटल लायसन्स आहे, म्हणजे त्या मशीनची नोंद मायक्रोसॉफ्टकडेच असते. ‘की दाखवणारं’ सॉफ्टवेअर तिथे जी की दाखवतं, ती लाखो मशीनांवर तीच असते. ती लिहून ठेवून काही उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनच्या पानावर लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं आहे असं लिहिलंय का, ते पाहा. नसेल तर जोडा, आणि तो अकाउंट मालकाच्या ईमेलवर असू द्या. नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या ईमेलवर दुकानाची लायसन्स अडकलेली आम्ही पाहिली आहेत.

ऑफिस २०१३ आणि नंतरच्या आवृत्त्यांची पूर्ण की मशीनमध्ये साठवलेलीच नसते, शेवटची पाच अक्षरं तेवढी मिळतात. ती की खरेदीबरोबर आलेल्या कार्डावर किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधावी लागते.

बिलही जपा. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत कोरं होतं, आणि ते टिकावं म्हणून गरम लॅमिनेशन केलं तर लगेच काळं पडतं. त्याची झेरॉक्स काढा.

आणखी दोन चाव्या

नव्या विंडोज ११ च्या मशीनांत हार्ड डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. या कुलपाचं नाव बिटलॉकर. बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट किंवा बोर्ड दुरुस्तीनंतर निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागते. ती नसेल तर तुमचा डेटा आम्हीही काढू शकत नाही, आणि काढून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये दिसते. कागदावर छापून घ्या, पण त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

टॅली दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर जुन्यावरून लायसन्स सरेंडर (परत जमा) करून मगच ते मशीन काढा. श्रीलिपीसारख्या पॅकेजचं डोंगल (मशीनला लावून ठेवायची लायसन्सची छोटी चावी) असेल तर त्याची प्रत होत नाही. सीपीयूच्या मागे लटकत ठेवण्यापेक्षा काम संपल्यावर ड्रॉवरमध्ये ठेवलेलं बरं.

फॉरमॅटला येताना मूळ डिस्क असेल तर ती, कीचा फोटो, बिल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि असेल तर डोंगल, एवढं बरोबर आणा. पासवर्ड आम्हाला सांगू नका, समोर बसून तुम्हीच टाइप करा. ग्राहकांच्या की आम्ही दुकानात नोंदवून ठेवत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी ‘तुमच्याकडे असेलच की’ म्हणून रिकाम्या हाताने येऊ नका.